पहिल्या टेबलावरची हजेरी

कुणी दोन वाक्यं बोललं की तिसरं मी त्याच्या आवाजात बोलू शकते. हे मी शिकले नाही, ते माझ्या कानातच आहे. अमेरिकेत, अर्विंगमधल्या मराठी घरांत जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "इला, ते होमओनर्सच्या मीटिंगचं करून दाखव ना!" मग मी उठते, आणि पोट धरधरून हसणाऱ्या काका-काकूंना त्यांचेच शेजारी ऐकवते. मला हे फार आवडतं. आवडायचं, असं लिहायला हवं. गेल्या नोव्हेंबरपासून मी सुनेत्रा मावशींची नक्कल केलेली नाही, आणि बाकीच्यांची करतानाही मध्येच थांबते.

सुनेत्रा मावशी आमच्याच अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. वय साठीच्या आसपास. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, साडी फक्त सणाला, एरवी पँटवर लांब कुडता आणि पायांत पांढरे बूट. बोलतात ते समोरच्याने पाटीवर लिहून घ्यावं अशा बेताने. त्याला कारण आहे. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठ वर्षं बाई होत्या. शहाण्णव साली लग्न होऊन मनोहर काकांबरोबर इथे आल्या. "आर्वीहून निघाले अन् अर्विंगला पोचले," असं त्या सांगतात. "फार लांब नाही गेले मी."

पहिली कित्येक वर्षं व्हिसावर त्यांना नोकरी करायची परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर त्या एका शाळेच्या कॅफेटेरियात लागल्या. दोन हजार बारात त्या नागरिक झाल्या. आणि तिथे त्यांनी जी चूक केली ती आपल्याकडची झेडपीची शिक्षिकाच करू जाणे. नागरिक झालो म्हणजे आता इलेक्शन ड्यूटीची ऑर्डर येणार, असं धरून त्या दोन निवडणुका घरी वाट बघत बसल्या. तिकडे शिक्षकांना ड्यूटी लागते, चुकवायची म्हटली तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणावं लागतं. निम्मी शाळा ते आणायची. मावशी मात्र मतपेटी मांडीवर घेऊन एसटीने खुशाल जायच्या. इथे रोज पोस्टाची पेटी उघडून बघत होत्या. शेवटी काका म्हणाले, "अगं, इथे कुणी बोलवत नाही. आपणच अर्ज करायचा असतो." मावशी म्हणाल्या, "आपणहून? मग येतं कोण?"

पण त्यांनी अर्ज केला. तेव्हापासून दर निवडणुकीला त्या पहिल्या टेबलावर बसतात. पहिलं टेबल म्हणजे जिथे मतदाराचं ओळखपत्र बघून यादीत नाव शोधायचं. यादी टॅब्लेटवर असते.

यंदा आमच्या सरकारी व्यवस्था शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात सांगितलं की सोळा पूर्ण झालेल्या नागरिक मुलांना मतदान केंद्रावर मदतनीस म्हणून काम करता येतं, त्या दिवशी शाळेची सुट्टीही मिळते. मी सतरा वर्षांची. जन्म इथलाच, फक्त मधली चार वर्षं पुण्याला आजोळी शाळेत काढली. मी लगेच फॉर्म भरला. लोकशाहीसाठी वगैरे नाही. एका खोलीत बारा तास, आणि सगळ्या अर्विंगचे आवाज रांगेत उभे! मला तर पंक्तीला बसल्यासारखं वाटत होतं.

पहाटे मावशींनीच त्यांच्या गाडीतून नेलं. वाटेत त्या बोलत होत्या, मराठीत, रस्त्यावरची नजर न हलवता.

"पहिल्या वर्षी काय झालं माहितीये? पहिलाच मतदार आला. हा एवढा माणूस, डोक्यावर हॅट. मी नाव वाचलं, नाव सापडलं, अन् सवयीनं त्याचा हात धरला. बोट पुढे ओढलं. म्हटलं, शाई कुठाय? इथे शाई नसते हे डोक्यातच नाही! त्याला वाटलं, बाई हात मिळवून राहिली. त्यानं माझा हात असा गदगदा हलवला..."

मी हसून हसून सीटवर आडवी झाले.

"कोणाला सांगू नको हं," त्या म्हणाल्या. त्याही हसत होत्या. मग सिग्नलला थांबल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "कॅफेटेरियात मी आधी काउंटरवर होते, इला. मुलं माझं बोलणं माझ्यासमोरच परत म्हणून दाखवायची. तुझ्याच वयाची. मी 'नेक्स्ट' म्हटलं की सगळी रांग माझ्यासारखं 'नेक्स्ट' म्हणायची. मॅनेजर बाई भली होती. म्हणाली, सुनेत्रा, तू मागे ट्रे धुवायला जातेस का, तिथे शांत असतं. अकरा वर्षं धुतले. या देशात मी मोठ्यानं बोलते ते या एका टेबलावर. वर्षातून दोन-तीन दिवस."

सिग्नल हिरवा झाला. मी 'हो ना' की काहीतरी म्हटलं. माझ्या डोक्यात अजून ते बोट आणि ती हॅट नाचत होती.

केंद्र म्हणजे एक कम्युनिटी सेंटरचा हॉल. तिथे आम्ही चौघं. केंद्रप्रमुख डेल, सत्तरीचा, बोलताना एकेक शब्द चुलीवर शेकत ठेवल्यासारखा लांबवणारा. त्याच्या हाताखाली योलांडा, जी शब्द संपायच्या आत पुढचा सुरू करते. डेल एका पक्षाचा, योलांडा दुसऱ्याची. नियमच तसा आहे. रात्री टीव्हीसमोर दोघं एकमेकांच्या माणसांना शिव्या देत असतील, पण डेलच्या कूलरमध्ये योलांडाचा डाएट सोडा आठवणीने ठेवलेला होता. आम्ही चौघांनी उजवा हात वर करून शपथ घेतली. एकाच शपथेचे चार आवाज! मावशी शपथ घेताना टाचा जुळवून उभ्या होत्या, प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या.

सात वाजता दार उघडलं आणि मावशींची हजेरी सुरू झाली.

त्यांची पद्धत अशी. ओळखपत्र हातात घ्यायचं, चष्म्यावरून माणसाकडे बघायचं आणि विचारायचं, "तुमचं नाव तुम्ही कसं म्हणता?" तो म्हणेल ते एकदा ओठांतल्या ओठांत घोळवायचं. मग मान वर करून पूर्ण नाव मोठ्याने पुकारायचं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. तिकडे पक्षांच्या पोलिंग एजंटना ऐकू जावं म्हणून तसं करतात. इथे कुणी सांगितलेलं नाही, आणि डेलने कधी थांबवलेलंही नाही. "ग्वादालुपे इनेस कांतेरो!" "बॉबी जो टकर!" "न्विन थी होआ!" "अब्दिरहमान युसुफ वारसामे!" आणि गंमत अशी की नाव पुकारलं की माणूस ताठ व्हायचा. फोन बंद करून वैतागत आलेला, बूट घासत उभा असलेला, कसाही असो. होआ नावाच्या आजी तर तोंडावर हात ठेवून हसल्या, म्हणाल्या, तीस वर्षांत माझं नाव असं कुणी घेतलं नाही. एक ट्रकवाला म्हणाला, "प्रेझेंट, मॅम."

मी शेजारच्या टेबलावर, मत टाकून आलेल्यांना स्टिकर देत बसले होते. स्टिकर दिले आणि आवाज गोळा केले. अकराच्या सुमाराला रांग ओसरल्यावर डेलला त्याचाच आवाज ऐकवला. तो गुडघ्यावर थापा मारत हसला. मग योलांडाचा. सगळ्यांत जास्त मावशी हसल्या. "अगं बाई, अगदी तीच!" म्हणाल्या.

म्हणून मला वाटलं, चालतं.

दुपारी मागच्या छोट्या खोलीत आम्ही आळीपाळीने जेवत होतो. मी, योलांडा आणि दोन मिनिटं डोकावलेला डेल. मावशी टेबलावर. योलांडा म्हणाली, "सगळ्यांचं झालं, सुनेत्राचं राहिलं."

मी नुसतं 'नको' म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. कागदी प्लेट ओळखपत्रासारखी धरली. हजेरी केली. डेलची केली, योलांडाची केली, खिडकीबाहेरच्या खारीची केली. आवाज इतका हुबेहूब लागला होता की माझ्याच अंगावर काटा आला, आणि असा आवाज लागला की मला थांबता येत नाही. मग मी योलांडाचं बोट धरलं आणि ओढलं. "व्हेअर इज द इंक? नो इंक? हाऊ यू व्होट विदाउट इंक?" मी हॅटवाल्याची गोष्ट सांगितली, तसं डेलने हॅट घातल्यासारखं करून माझा हात गदगदा हलवला. योलांडाला हसून ठसका लागला. आणि शेवटी, का ते मला आजही सांगता येत नाही, मी पलीकडे वळून एका नसलेल्या रांगेला म्हटलं, "नेक्स्ट!"

योलांडाने ठसका आवरला. तिची नजर माझ्या मागे होती.

मावशी दारात उभ्या होत्या. रांग संपली म्हणून डबा घ्यायला आल्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते, लाडीगोडी लावली असती. त्या नुसत्या हसल्या, परक्याच्या घरी हसतात तेवढं. फ्रिज उघडला, डबा घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छान करतेस." मराठीत.

थोड्या वेळाने त्या डेलला म्हणाल्या, घसा बसलाय, इलाला बसू दे इथे, मी स्टिकर देते. घसा बसलेला नव्हता. डेलला ते कळलं असावं, कारण त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मी पहिल्या टेबलावर बसले. खुर्ची अजून गरम होती.

दुपारभर हॉलमध्ये कुणाचं नाव मोठ्याने घेतलं गेलं नाही. लोक येत होते, मी लायसन्स स्कॅन करत होते, नाव आपोआप दिसत होतं, सही, पुढे. फार सुटसुटीत. लोक खाली फोनकडे बघत आत आले आणि तसेच बाहेर गेले. मावशी हातात स्टिकर ठेवत होत्या. "थँक यू" एवढंही नाही, फक्त मान हलवत होत्या. मी तीनदा त्यांच्याकडे बघितलं. 'मावशी, सॉरी' हे मनात त्यांच्याच आवाजात येत होतं, आणि त्या आवाजात ते म्हणणं शक्य नव्हतं.

सव्वासहाला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, सडपातळ, अंगात विमानतळावर सामान चढवणाऱ्यांचं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. दोन्ही हातांनी पासपोर्ट पुढे केला. कोरा करकरीत निळा पासपोर्ट, पानं अजून चिकटलेली. "माझं पहिलं मत," ते म्हणाले आणि थोडे लाजले. आफ्रिकेतल्या एरिट्रियाचे होते, ते त्यात जन्मस्थान म्हणून लिहिलेलं होतं. आडनाव वोल्दू. नाव हब्तोम तेक्ले.

पासपोर्ट स्कॅन होत नाही, नाव टाइप करावं लागतं. मी वोल्दू टाकलं. काही नाही. पुन्हा बघून टाकलं. काही नाही. हब्तोम वोल्दू. काही नाही. मागे सातआठ जण उभे होते. डेल बाहेर होता. कुणीतरी हद्दीच्या आत प्रचाराची पाटी रोवली होती ती हलवायला गेला होता. योलांडा अडकलेल्या मशीनमध्ये डोकं घालून होती.

ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट चारदा सांगितली होती. नाव सापडलं नाही तरी कुणाला परत पाठवायचं नाही. प्रमुखाला बोलवायचं, तात्पुरती मतपत्रिका द्यायची. मला ते पाठ होतं, ट्रेनरच्या आवाजात. पण तोंडातून निघालं ते असं, "सॉरी सर, तुम्ही सिस्टिममध्ये नाही आहात. थांबायचं असेल तर प्रमुख येतील."

"मी नाही?" त्यांनी विचारलं.

"दिसत नाही आहात."

त्याच क्षणी पलीकडच्या टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मावशी अर्ध्या उठल्या होत्या. तोंड उघडलं होतं. त्यांना माहीत होतं काय करायचं ते, स्पष्ट दिसत होतं. मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर पडली. त्यांचं तोंड मिटलं आणि त्या खाली बसल्या.

गृहस्थांनी घड्याळ बघितलं. शिफ्ट होती. पासपोर्ट आतल्या खिशात ठेवला, त्यावरून हात फिरवला. "ओके. थँक यू, मिस," म्हणाले. माझ्यावर चिडले असते तरी चाललं असतं. ते रांगेतल्या लोकांना वाट देत देत, सॉरी सॉरी म्हणत बाहेर गेले.

दार बंद झालं तशा मावशी उठून आल्या. माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी टॅब्लेटवर आडनावाच्या जागी 'तेक्ले' टाकलं. हब्तोम तेक्ले. जन्मतारीख तीच. राहायचं ठिकाण आमच्यापासून दहा मिनिटांवर.

"वडिलांचं नाव आहे ते," मावशी हळू म्हणाल्या. "वोल्दू आजोबा. त्यांच्याकडे आपलं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. आडनाव नसतंच. फॉर्म भरताना त्यानं आपल्या रीतीनं भरला, पासपोर्टवाल्यांनी त्यांच्या रीतीनं. दर वर्षी चारदोन सापडतात असे. म्हणून तर विचारते, तुम्ही कसं म्हणता."

इला अविनाश देव. मधलं नाव कुणाचं आहे हे मला जन्मापासून माहीत होतं.

मी धावले. पार्किंगमध्ये काळोख पडला होता, गाड्यांचे लाल दिवे एकामागून एक रस्त्याला लागत होते. मी "मिस्टर तेक्ले!" म्हणून ओरडले. मला शंभर आवाज येतात, आणि माझा स्वतःचा कुंपणापर्यंतही गेला नाही. दोन गाड्यांच्या काचांवर टकटक केलं. एका बाईने घाबरून गाडीची दारं लॉक केली. ते गेले होते.

परत आले तेव्हा मावशी पहिल्या टेबलावर बसलेल्या होत्या. "स्टिकर दे," एवढंच म्हणाल्या. शेवटचा अर्धा तास त्यांनीच नावं घेतली. विचारत होत्या, घोळवत होत्या, पुकारत होत्या. पण दर नावाआधी एकदा माझ्याकडे बघत होत्या. पटकन, चोरून. माझ्या ओठांकडे. मी खालचा ओठ दातांत धरून बसले, म्हणजे तो चुकूनसुद्धा हलणार नाही.

साताला दार बंद झालं. मी डेलला सगळं सांगितलं, खोलीतलं आणि टेबलावरचं. त्याने टोपी काढली. "आपण कुणाला घरी पाठवत नाही, मुली," म्हणाला. मग टोपी हातात फिरवत, "मी पण हसलो होतो." योलांडाने मशीनला सील लावता लावता नाक पुसलं. त्यांनी मिळून अहवालात एक ओळ लिहिली. एकाच ओळीखाली दोन पक्षांच्या सह्या. तिसरी मावशींनी केली, सिनिअर म्हणून चूक माझीही, असं म्हणून. मी कितीही नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

घरी येताना गाडीत नुसता इंडिकेटर वाजत होता. आमच्या बिल्डिंगपाशी गाडी थांबली.

"मावशी, सॉरी. खरंच सॉरी."

"मला काऊन सॉरी?" त्या स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या. "माझं मत मी मागच्याच आठवड्यात, आगाऊ मतदानात टाकून आले. ज्याचं राहिलं त्याला म्हण."

"मला माहितीये ते कुठे राहतात. पत्ता दिसला होता. उद्या जाऊन..."

"अजिबात नाही." बाईंचा आवाज आला, वर्गातला. "यादीत बघितलेलं यादीतच ठेवायचं. शपथ घेतली ना सकाळी? तो टेबलाशी उभा होता, तेवढ्यात करायचं होतं ते."

मी रडत होते. त्यांनी डॅशबोर्डवरचा टिश्यूचा बॉक्स माझ्याकडे सरकवला, पण पाठीवर हात ठेवला नाही.

"मेमध्ये सिटीची निवडणूक आहे," मी नाक ओढत म्हटलं. "तेव्हा तुम्ही पहिल्या टेबलावर बसाल ना?"

मावशींनी किल्ली काढली. मागच्या सीटवरून डबा घेतला. तो आज उघडलाच नव्हता हे वजनावरून कळत होतं.

"तू येणार आहेस का त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटल्याने त्या बसणार होत्या की नाही म्हटल्याने, ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. मी दार उघडून उतरले आणि त्या आत जाईपर्यंत तशीच उभी राहिले.